वरच्या हुकावर किती

गोदामातली माणसं त्याला कप्पीवाला म्हणत. दोर हातातून नुसता सरकवला, की तो कुठे झिजलाय ते त्याला डोळे मिटूनही कळे.

अकरा वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर माल चढवताना कप्पी हुकासकट निसटली आणि खाली दोर ओढणाऱ्या त्याच्या थोरल्या भावाच्या डोक्यात बसली. दोर शाबूत होता. हुक यानेच निवडलेला, दीडशे किलो झेलणारा. एरवी पेट्या साठ-सत्तर किलोच्या असत, त्या दिवशीची शंभराची. तरी पन्नास किलो हाताशी होते. मग दादानेच हिसका दिला असणार, असं तो म्हणाला, आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. वहिनींसमोरही.

दादाची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आज संध्याकाळी ती वही घेऊन त्याच्यासमोर बसली.

“काका, कप्पीवरून दोर गेलाय. एका टोकाला शंभर किलोची पेटी, दुसरं माणसाने धरलंय. पेटी स्थिर. दोरात ताण किती?”

“पेटीच्या वजनाएवढा. हे काय विचारणं झालं?”

“शाबास! आणि वरच्या हुकावर?”

“तेवढाच. शंभराचा.”

“चूक. दोनशेचा.”

तो हसला. “पेटी एकच ना गं? दुसरी काय तुझ्या मास्तरांनी लटकवली?”

“जन्म गेला कप्पीखाली आणि एवढं कळेना! पेटी खाली खेचते, तेवढंच माणूसही खेचतो. तोसुद्धा हुकालाच लटकलाय म्हणा ना.”

तिने कप्पीखाली दोन बाण काढले, दोन्ही खालच्या दिशेने. साठ-सत्तरची दुप्पट दीडशेच्या आत राहत होती. शंभराची नाही. त्याने वही मिटून तिच्या हातात दिली.

स्वयंपाकघरात वहिनी भांडी पुसत होत्या. तो दारात उभा राहिला.

“वहिनी, दादाने हिसका दिला नव्हता. हुक कमी पडला. माझा हुक.”

वहिनींनी हातातलं पातेलं पुसून पूर्ण केलं, फळीवर पालथं ठेवलं.

“दाराची कडीसुद्धा कधी जोरात ओढली नाही त्यांनी,” त्या म्हणाल्या. “मला ठाऊक होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून जायचं कुठे? पोर चार वर्षांची, घर तुमचं.”

बाहेरच्या खोलीत मुलगी पुढचं गणित मोठ्याने वाचत होती.

“तिला तुम्ही सांगता,” वहिनींनी विचारलं, “की मी सांगू?”