दोन बोटांची शिवण

इर्मट्राउट हेफेले गाडीच्या नव्या सीटवर डोळे मिटून बसली की आमच्या शिवणखात्यातली मशीनं आपोआप थांबायची. कुणी सांगायचं नाही, पण थांबायची. ती पाच मिनिटं बसायची, कधी वीस. मग उठून एकच शब्द बोलायची. "नाही" म्हणाली तर ते कातडं पुन्हा उसवायचं. "बसता येतं" म्हणाली तर आम्ही समजायचो की जिंकलो.

बाहेरच्यांना हे कळत नाही. दक्षिण जर्मनीतल्या आमच्या श्वाबेन मुलखात कौतुक करायची रीतच नाही. बायको दिवसभर खपून मसुरीची उसळ आणि शेवया करते, नवरा ताट पुसून खातो आणि म्हणतो, "खाता येतं." बायको खूश होते. माझाही नवरा तसलाच. आता त्याच्याकडून आणखी काही निघेल ही आशा मी सोडली आहे.

तर इर्मट्राउट. बाप घोड्यांची खोगिरं शिवायचा. ती मात्र एकोणिसाव्या वर्षी आमच्या कारखान्यात आली आणि टप उघडणाऱ्या महागड्या गाड्यांच्या सीटा शिवायला लागली. चव्वेचाळीस वर्षं तेच. स्वतः सायकलवरून यायची, डब्यात लोणी लावलेला ब्रेत्सेल, म्हणजे वेटोळ्याचा खारा पाव. हाताची बोटं सुईनं टणक झालेली, पण पाठ अशी की चादरीखालचा वाटाणा कळावा. नाकावर माशी बसू द्यायची नाही. मी तिच्या शेजारच्या मशीनवर बावीस वर्षं काढली. त्यातली पहिली नऊ ती मला "तुम्ही" म्हणत होती. दहाव्या वर्षी एका सकाळी म्हणाली, "लोरे, तुझी कात्री दे." त्या दिवशी मी घरी केक केला होता.

तिची एक खूण होती. सीटच्या बुडाशी आत एक पट्टी असते, ती सगळ्यात शेवटी बंद होते. नव्या मॉडेलची पहिली सीट मनासारखी झाली की तिथं ती निळ्या खडूनं 'इ. हे.' लिहायची. सीट फाडल्याशिवाय ते कुणाला दिसायचं नाही. मनासारखी नसेल तर लिहायची नाही.

तिला जूनमध्ये निवृत्त व्हायचं होतं, आणि त्याच वर्षी पार उत्तरेतल्या हॅम्बुर्गहून डॉ. हेनिंग लोरेनझेन आले. गाड्यांच्या आतल्या सजावटीचे प्रमुख. वय चौतीस, बूट आरशासारखे. त्यांनी इर्मट्राउटच्या शेवटच्या सीटचा नमुना पाहिला आणि मांडीखालची शिवण दोन बोटं पुढं सरकवली. म्हणजे दारावरची रेघ आणि सीटवरची रेघ एका ओळीत येतात. दिसायला सुंदर होतं, खोटं कशाला बोलू.

इर्मट्राउट बसली. वीस मिनिटं. उठली.

"नाही."

"हेफेलेबाई, पंचवीस माणसं बसवून पाहिली आम्ही. एकाचीही तक्रार नाही," डॉक्टर म्हणाले.

"कुठं बसवलीत, डॉक्टरसाहेब?"

"चाचणीच्या खोलीत."

"टप लावून?"

"खोलीत टप उघडला काय आणि लावला काय."

"मग तुम्ही खोलीच विका की," ती म्हणाली, "गाडी कशाला विकता?"

मला हसू आवरेना म्हणून मी रिळांच्या कपाटाकडं गेले. डॉक्टर लालबुंद झाले. सही त्यांची, अधिकार त्यांचा. इर्मट्राउटनं खूण केली नाही तरी सीट निघणार होती. हे तिलाही माहीत होतं. पण चव्वेचाळीस वर्षांतली शेवटची सीट चुकलेली बाहेर पडणार, आणि आपण घरी बसून रस्त्यावरून तशा गाड्या जाताना बघणार, हे तिला सोसवत नव्हतं. दुपारी डबा उघडलाच नाही तिनं. मी "खा गं" म्हटलं तर म्हणाली, "तू खा."

संध्याकाळी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. "उद्या ही सीट घातलेली गाडी बोडन सरोवरापर्यंत चालवा. टप उघडा. मी शेजारी बसते. उतरल्यावर तुम्ही म्हणाल ते मान्य. मी खूण करते आणि जाते."

मार्च महिना. वाटेतल्या आल्बच्या उंच पठारावर शेतांच्या कडेला अजून बर्फ. कुणीही नको म्हटलं असतं, पण हॅम्बुर्गचा माणूस थंडीला भितो असं म्हणवून कसं घेणार?

पुढचं मला दोघांनीही सांगितलं, आणि दोघांचं जुळतं, म्हणून खरं मानते. मानेशी गरम वारा सोडणारी जाळी सुरू होती, सीट तापलेली होती, पहिला तास डॉक्टर मजेत. मग पठार लागलं. वारा काचेवरून कपाळावर यायला लागला आणि डॉक्टर नकळत खाली घसरले. उघड्या गाडीत सगळेच घसरतात, मान खांद्यात घालून. खोलीत वारा नसतो, तिथं कोण घसरणार? घसरले तशी ती सुंदर शिवण बरोबर गुडघ्यामागच्या शिरेवर आली. इर्मट्राउट समोरचा रस्ता बघत होती. रेडिओही लावू दिला नाही.

सरोवराशी डॉक्टरांनी दार उघडलं, पाय बाहेर ठेवला आणि दाराला धरून उभे राहिले. पाय लाकूड झाला होता. कुणी दुसरी असती तर तिथं ऐकवलं असतं. मी तर नक्कीच. इर्मट्राउटनं थर्मासमधला चहा ओतला आणि अर्धा ब्रेत्सेल त्यांच्या हातात दिला.

खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती मागं घ्यायची?"

"दोन बोटं. आणि रेघेचं वाईट वाटून घेऊ नका. दारावरची रेघ मागं घ्या, तिला काय दुखतंय?"

हे त्यांना सुचलंच नव्हतं. दाराचं पान नव्यानं काढावं लागलं, दीड महिना गेला, वरच्या साहेबांच्या शिव्या डॉक्टरांनी एकट्यानं खाल्ल्या. इर्मट्राउटचं नाव मध्ये आणलं नाही. ते तिच्या कानावर आलं.

जूनचा तिचा शेवटचा दिवस. कुणीतरी बटाट्याचं सॅलड आणलं होतं, कुणी फुलं. नवी सीट मध्यभागी ठेवली होती, तिला लागून नव्या दाराचं पान. इर्मट्राउट बसेल म्हणून आम्ही मशीनं थांबवली. ती म्हणाली, "आज डॉक्टरसाहेब बसतील."

ते बसले. डोळे मिटले. चांगली वीस मिनिटं. सॅलड तसंच पडून होतं. मग उठले, कोट नीट केला आणि म्हणाले, "बसता येतं."

हॅम्बुर्गच्या माणसाच्या तोंडून.

इर्मट्राउट खाली वाकली, पट्टी उघडली, खडूनं 'इ. हे.' लिहिलं. पट्टी बंद करणार तोच डॉक्टर गुडघ्यावर बसले. "हेफेलेबाई, खाली माझंही लिहिलं तर चालेल?"

तिनं त्यांच्याकडं पाहिलं, मग त्या रेघेकडं, दारापासून सीटपर्यंत सरळ आलेल्या. खडू पुढं केला.

"लिही, हेनिंग," ती म्हणाली. "पण बारीक लिही."

तीन महिन्यांत. मला नऊ वर्षं लागली होती.