डबा आणि पुरी यांच्यामधलं तेल

ती घटना आठवली की आजही मला हसू येतं. तेव्हा मी देवळाली प्रवराच्या पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळीच खबर आली, शेजारच्या गावात यात्रेचा भंडारा झाला आणि तेव्हापासून सगळं गाव टमरेल घेऊन उसात पळतंय. फिर्याद द्यायला आलेले सरपंचसुद्धा जबाब अर्धवट टाकून उठले. संशय एकावरच होता. तेलाचे डबे गावातल्या किराणा दुकानदारानं दिले होते.

अन्न प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनी दुकानातल्या तेलाचे आणि उरलेल्या पुऱ्यांचे नमुने पंचांसमक्ष सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवले. दुकान बंद झालं. मी दुकानदाराला चौकशीला बोलावलं, तर तो रडकुंडीला आलेला.

"साहेब, पोरीचा साखरपुडा तोंडावर आलाय. पुणतांब्याचे पाव्हणे म्हणत्यात, भेसळवाल्याच्या घरात सोयरीक न्हाई करायची. माझं तेल चोख हाय. हे बघा, पितो!"

मी नको नको म्हणेपर्यंत पठ्ठ्यानं पिशवीतून बाटली काढून घटाघटा रिकामी केली. व्हायचं तेच झालं. थोड्या वेळानं तो ठाण्याच्या संडासात आणि आमचे हवालदार खुशीत. "साहेब, आरोपीनं कबुली दिली!" अहो, एवढं तेल प्यायल्यावर तुमचंही हेच होईल, हे त्यांना पटवता पटवता माझा घसा बसला.

अहवाल आला आणि माझी मती गुंग झाली. दुकानातलं तेल शुद्ध होतं. पुऱ्यांमध्ये मात्र खनिज तेल, म्हणजे यंत्राला घालतात त्या जातीचं. मी प्रयोगशाळेत फोन लावला.

तिथल्या बाई म्हणाल्या, "नमुना कॉस्टिकमध्ये उकळला की खाण्याच्या तेलाचा साबण होतो, खनिज तेलाचा होत नाही. मग पाणी घातलं की नमुना गढूळ दिसतो. तुमच्या पुऱ्यांचं तर ताक झालं, साहेब!"

आता डबा आणि पुरी यांच्यामध्ये राहिलं काय? कढई!

गावाची सामाईक भांडी देवळामागच्या खोलीत असत. गेल्या यात्रेनंतर ती एका बाबांच्या ताब्यात दिली होती. साखर कारखान्यात यंत्रांना तेल घालण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी मोठ्या कौतुकानं कढई दाखवली. आरशासारखी लखलखत होती.

"मशीनचं तेल चोपडून ठिवतो, साहेब. चांगला जाड थर. गंजाची काय बिशाद!"

"आणि भंडाऱ्याआधी घासता ना?"

बाबांना माझी कीव आली. "घासल्यावर लावलेलं तेल जाईल की! हळद-कुंकू वाहायचं, नारळ फोडायचा अन् चुलीवर चढवायची."

"तुम्ही जेवलात का?"

"व्हय. मलाबी लई हगवण लागली हुती. दुकानदार लबाडच हाय बघा!"

मी कपाळावर हात मारला. बाबांच्या मनात खोट नव्हती, गुन्हा कसला नोंदवायचा? कढई राखेनं घासून घेतली आणि देवळाच्या कर्ण्यावरून अहवाल मी स्वतः वाचला. दुकान उघडलं, साखरपुडाही ठरल्या दिवशी झाला. मला आग्रहाचं बोलावणं होतं. दुकानदारानं हट्टानं पुऱ्याच केल्या होत्या, आपल्याच तेलात. पंगत बसली, पण एकाचाही हात ताटाकडे जाईना. पाहुणे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि दुकानदार पाहुण्यांच्या. त्याचा चेहरा बघून मला भरून आलं. मी पुरी उचलली, खाल्ली आणि दुसरी मागितली. मग पंगत जेवली.

प्रयोगशाळा तेल निर्दोष ठरवते. पण गेलेली अब्रू परत द्यायची, तर कुणाला तरी त्या माणसाच्या घरी पहिला घास घ्यावा लागतो. हे मला त्या दिवशी कळलं.