भोजनदानाची यादी

ती घटना आजही आठवते, अशी सुरुवात करून आम्ही निवृत्त पोलीस लोक आपण दरोडेखोर कसे पकडले ते तिखटमीठ लावून सांगतो. माझ्या या प्रकरणात दरोडेखोर नाही, खून नाही, पाठलागही नाही. मी भिंतीवरची एक यादी पकडली होती. त्याबद्दल मला प्रशंसापत्र मिळालं. ते कपाटात आहे आणि मी ते कोणाला दाखवत नाही.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. ठाण्याचं, गावाचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही. तीन खोल्या, आवारात जप्त केलेल्या मोटारसायकली, आणि कामं म्हणजे मोटारपंपाची चोरी, बांधाची भांडणं, गावठी दारू. विदेशी नागरिकांशी आमचा संबंध एवढाच की दर महिन्याला बुलढाण्याला एक अहवाल पाठवायचा आणि त्यावर ‘निरंक’, म्हणजे कोणी नाही, असं लिहायचं. माझ्या आधीच्या सगळ्या ठाणेदारांनी तेच लिहिलं होतं. मीही न वाचता सही ठोकत होतो.

एके दिवशी सकाळची हजेरी आटोपल्यावर पन्नाशीचा एक माणूस आला. जवळच्याच गावचा, बौद्ध वस्तीतला. बसला आणि सोयाबीन पिवळं पडतंय, रस्ता उखडलाय असं काहीबाही बोलत राहिला. खबर देणारा माणूस आधी भलतंच बोलतो हा माझा अनुभव आहे. त्याला घाई करायची नाही, चहा सांगायचा. अर्धा चहा झाल्यावर तो म्हणाला, “आमच्या विहारात बाहेर देशाचे भंते हायेत, साहेब. लय दिवस झाले. त्याईचे कागद पाहा एकडाव.”

तुला काय त्रास आहे त्यांचा, असं मी विचारलं. कायद्याचं आहे म्हणून सांगतो, म्हणाला, आणि माझं नाव येऊ देऊ नका, म्हणाला. एवढ्या कायद्यासाठी कोणी सायकल हाणत ठाण्यात येत नाही. काहीतरी सलत होतं. पण मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि जमादाराला जीप काढायला सांगितली.

विहार छोटा, स्वच्छ, नुकताच रंग दिलेला. भंते पस्तिशीचे, हडकुळे, पूर्वेकडच्या एका देशाचे. पासपोर्ट मागितल्यावर त्यांनी तो झोळीतून काढून दोन्ही हातांनी दिला. त्यांना मराठी येत नव्हतं आणि त्यांचं इंग्रजी मला नीट उमगत नव्हतं. तेव्हा वस्तीतली एक मुलगी दुभाषी म्हणून आली. विहार समितीच्या सचिवाची मुलगी, नर्सिंग झालेली. सचिव म्हणजे एसटी डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक.

कागद पाहिले. पर्यटक व्हिसा, वर्षभर वैध. पण खालच्या ओळीत अट होती की एका वेळी सलग नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहता येणार नाही. विमानतळावरच्या शिक्क्यापासून मी दिवस मोजले. नव्वद दिवस उलटून तेरा दिवस झाले होते.

चूक कशी झाली ते मुलीने तिथेच सांगितलं. वस्तीतली मंडळी बोधगयेला गेली होती, तिथे या भंतेंची ओळख झाली. पुढच्या वर्षी वर्षावासाला आमच्याकडे या, असं निमंत्रण दिलं. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, तीन महिने एकाच जागी राहायचं आणि ती जागा सोडायची नाही असा भंतेंचा संकल्प असतो. व्हिसाचा अर्ज या मुलीनेच मोबाइलवर भरला. भारतातला ओळखीचा माणूस कोण, या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं. वर्षभर वैध एवढं वाचून ती निश्चिंत झाली. त्यात भंते आधी महिनाभर बोधगयेला राहून आले. गावाने पौर्णिमेपासून मोजलं होतं आणि व्हिसा विमानतळापासून मोजत होता.

दुसरी गोष्ट सी फॉर्मची. विदेशी माणूस मुक्कामाला आला की ठेवून घेणाऱ्याने चोवीस तासांत ती माहिती प्रशासनाला द्यायची असते. लॉजवाल्यांनाही हे धड ठाऊक नसतं, तर विहार समितीला कुठून असणार. पण सी फॉर्मचं नाव काढलं आणि बाहेर जमलेल्या लोकांच्या कानावर ‘चोवीस तास’ एवढंच अर्धवट पडलं. मी जबाब घ्यायला बसलो तेव्हा जो तो एकच सांगू लागला की भंतेजी कालच आले.

सात जबाब घेतले. खोटं बोलायची सवय नसलेली माणसं खोटं बोलायला लागली की सगळी एकच वाक्य बोलतात. कोणत्या गाडीने आले, असं एका आजीला विचारलं, तर सकाळच्या एसटीने. तिच्या मुलाला विचारलं, तर संध्याकाळी ऑटोने. जमादार तोंडावर रुमाल धरून हसत होता. मला मात्र राग आला. ही माणसं आपल्याला वेड्यात काढतायत असं वाटलं. त्यांना वाचवायचं होतं एवढंच, हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही.

मग मी विहाराच्या मागच्या खोलीत गेलो. तिथे भोजनदानाची व्यवस्था होती. वर्षावासात भंतेंना जेवण वस्तीतली घरं पाळीपाळीने देतात. भिंतीवर मोठा कागद चिकटवलेला होता. पट्टीने मारलेल्या रेघा, तारीख, घर, सही. आषाढ पौर्णिमेपासून एक दिवस सुटलेला नव्हता. अख्खं गाव ‘काल’ म्हणत होतं आणि भिंत रोजचा हिशोब देत होती. त्यातली एकच ओळ लाल पेनाने खोडलेली होती. शेजारी लिहिलं होतं, ‘भंतेजींना ताप. भोजन नाही.’

त्या ओळीतलं घर माझ्या खबऱ्याचं होतं.

त्याच्या बायकोने पहाटे उठून स्वयंपाक केला असेल, ताट वाढून वाट पाहिली असेल, आणि भंतेंना ताप. पुढची सगळी घरं ठरलेली, म्हणून पाळी पुढे सरकली नाही. त्याने मागितली असेल आणि यादी भरली, असं उत्तर मिळालं असेल. एवढ्या अपमानावर त्याने माझ्या ठाण्यातला चहा प्यायला होता.

अक्षर कोणाचं, असं मी मोठ्याने विचारलं. सचिव खाली मान घालून उभा होता. मुलगी म्हणाली, “माहं हाय.” मग त्या खोडलेल्या ओळीकडे पाहून हळूच म्हणाली की त्या घरची पाळी पुन्हा लावायला पाहिजे होती, तिचंच चुकलं. खबर कोणी दिली ते तिला कळलं होतं. तिने नाव घेतलं नाही.

दोन पंच बोलावले, पंचनामा केला, यादी भिंतीवरून सोडवून जप्त केली. कडेचा थोडा रंग तिच्याबरोबर निघाला.

आता त्या मुलीचं काय पणाला लागलं होतं ते सांगतो. युरोपातल्या एका देशात रुग्णालयात तिची नर्स म्हणून निवड झाली होती. तिथल्या भाषेची परीक्षा ती पास झाली होती. मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख वीस दिवसांवर होती, आणि त्यासाठी तिला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा होता. तो अर्ज माझ्याच टेबलावर होता. तीन आठवडे पडून होता, कारण तो आला तेव्हा माझी माणसं गणपतीच्या बंदोबस्तात होती. वेळेवर शेरा मारला असता तर यादी सापडायच्या आधीच दाखला तिच्या हातात असता.

मी बुलढाण्याला अहवाल पाठवला. उत्तर स्पष्ट आलं. विदेशी नागरिकाला दंड आकारून, परत जाण्याचा परवाना देऊन रवाना करावं. ठेवून घेणाऱ्यांबाबत ‘आपल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही करावी’. सरकारी भाषेत या वाक्याचा अर्थ असा की काय करायचं ते तुम्ही ठरवा. समज देऊन सोडता आलं असतं. समितीचा सचिव म्हणून बापावर गुन्हा दाखल करता आला असता. मुलीवरही करता येत होता. तिचं नाव अर्जावर होतं, अक्षर यादीवर होतं, आणि मुदतीनंतर राहायला मदत केल्याचं कलम बसत होतं.

दुसऱ्या दिवशी बापलेक ठाण्यात आले. जबाब देताना मुलीने एकही शब्द लपवला नाही. फॉर्म मी भरला, भंतेजींना काही ठाऊक नव्हतं, बाबांना मोबाइलमधलं काही कळत नाही. ती बोलत होती आणि रायटर लिहीत होता, आणि प्रत्येक वाक्यागणिक माझी केस मजबूत होत होती. ती सही करून बाहेर गेल्यावर बाप माझ्या टेबलापाशी आला. हात जोडले नाहीत. टेबलावर दोन्ही तळवे टेकून उभा राहिला.

“साहेब, तिचं नाव काढा, माहं टाका. मी म्हातारा माणूस. मले कुठं जायचं हाय?”

मी त्याला सांगितलं, कायद्याने जे होईल ते होईल.

हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा वापरलं आहे. त्या दिवशी ते खोटं होतं. माझ्या बढतीची यादी वर चालली होती. पंपचोऱ्यांनी कोणाचं नाव होत नाही. निरंक लिहिणाऱ्या ठाण्यातून फॉरेनर्स अ‍ॅक्टची केस, लेखी पुराव्यासह, आणि आरोपी स्वतः कबूल. म्हाताऱ्या मेकॅनिकवर केस केली असती तर तपास अर्धवट दिसला असता. मी गुन्हा मुलीवर दाखल केला. अटक केली नाही, नोटीस दिली, आणि त्यातही मला आपण दयाळू वाटलो.

भंतेंना न्यायचं होतं तेव्हा आश्विन पौर्णिमा दहा दिवसांवर होती. त्यांना परवान्याचा कागद समजावून सांगायला पुन्हा तीच मुलगी बोलावली. आरोपीच दुभाषी, असला प्रकार मी त्याआधी केला नव्हता. त्यांनी शांतपणे ऐकलं. संकल्प मोडतोय याबद्दल तक्रार केली नाही. मग तिच्याकडे बोट करून माझ्याकडे पाहत त्यांनी काहीतरी विचारलं. तिने भाषांतर केलं नाही. मी म्हणालो, काय म्हणतात? “काही नाई साहेब,” ती म्हणाली. त्यांनी काय विचारलं ते बोटावरून मला कळलं होतं. मीही ते टाळलं, कागदाकडे पाहिलं आणि सही कुठे करायची ते दाखवलं. वस्तीतल्या बाया रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. जीप मलकापूर स्टेशनकडे निघाली तेव्हा कोणी घोषणा दिली नाही, शिवी दिली नाही.

तिच्या अर्जावर मी शेरा लिहिला, ‘गुन्हा दाखल, तपासावर’. शेरा खरा होता. परदेशातल्या रुग्णालयाने एकदा मुदत वाढवून दिली, दुसऱ्यांदा दिली नाही. खटला चार वर्षं चालला. हेतू दिसत नाही म्हणून न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं. तोवर माझी बढती होऊन, बदली होऊन, दुसरी बदलीही झाली होती.

दिवाळीनंतर तो खबऱ्या एकदा ठाण्यात आला होता. या वेळी चहा नको म्हणाला. “मले वाटलं तुम्ही भंतेले समज द्यान,” तो म्हणाला. “पोरीचं काऊन केलं साहेब तुम्ही असं?” मी त्याला झापलं. खबर देताना लाज वाटली नाही का, असं विचारलं. तो निघून गेला. त्याला त्याची चूक कळली होती, म्हणून तर तो आला होता. माझी मला कळली होती, म्हणून मी आवाज चढवला.

प्रकरणाने मला काय शिकवलं, हे शेवटी लिहायची पद्धत आहे. नवीन काही शिकवलं नाही. कलम लावायचं की समज द्यायची, हे पुष्कळदा कायदा नाही, ठाणेदार ठरवतो. हे मला भरती झाल्यापासून माहीत होतं. माहीत असून मी कायद्याच्या आड उभा राहिलो, कारण तिथे सावली होती आणि बढती होती.

मागच्या वर्षी माझ्या परदेशातल्या मुलाला मुलगी झाली. नातीला बघायला जायचं तर मला व्हिसा हवा. मी आता बुलढाण्याला राहतो, पण मूळ गाव दुसरबीडच्या बाजूला. गावी गेलो होतो तेव्हा पुतण्या म्हणाला, दुसरबीडला एक ताई ऑनलाइन फॉर्म भरतात, त्यांनी भरलेला फॉर्म परत येत नाही. गेलो. कॉम्प्युटरसमोर तीच बसली होती, सचिवाची मुलगी. लग्न होऊन तिकडे आली होती. सकाळी एका खासगी दवाखान्यात नर्स, दुपारनंतर हे काम. मी ओळख दिली नाही. तिनेच पासपोर्टवरचं नाव पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाली, “बसा साहेब.”

मी तिला तेव्हा अगं-तुगं करत होतो. आता माझ्या तोंडून तू निघेना. बाबा कसे आहेत, असं विचारलं. वारले, म्हणाली. शेवटपर्यंत कोर्टाच्या तारखांना तिच्याबरोबर यायचे.

ती एकेक रकाना वाचत होती, मी सांगत होतो. तिकडे ओळखीचं कोण, असं तिने विचारलं. मुलगा, मी म्हणालो. तिचा हात थांबला.

“त्याले विचारलं हाय नं, साहेब? नाव टाकू का, म्हणून?”

विचारलं आहे, मी म्हणालो. तिने नाव टाकलं, पत्ता दोनदा तपासला. सलग किती दिवस राहता येईल ती अट मला मोठ्याने वाचून दाखवली आणि परतीची तारीख कॅलेंडरवर मोजून घेतली. मग पुढचा प्रश्न वाचला. तुमच्यावर आजवर कधी फौजदारी गुन्हा दाखल झाला आहे का.

मी म्हणालो, नाही.

तिने ‘नाही’वर खूण केली आणि पुढच्या रकान्यावर गेली.