ओकबुनताईचा नमस्कार

ओकबुनताईला सुट्टी घ्यायला लावणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. आम्ही दोघी कोरियातून जर्मनीत नर्स म्हणून आलो, एसेनमध्ये एकाच खोलीत राहिलो, पण तीन वर्षांत तिने एक दिवस सुट्टी घेतली असेल तर शपथ! गावी तीन भाऊ शिकत होते, पगार तिकडे जायचा. ती माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे आणि ती माझं काहीएक ऐकायची नाही.

शेवटी मेट्रनने दटावलं तेव्हा ताई नमली. मी लगेच इटलीची तिकिटं काढली.

"येईन, पण एका अटीवर," ताई म्हणाली. "मंगळवारी आईची साठी आहे. सकाळी आठला मी पूर्वेकडे, घराकडे तोंड करून जमिनीवर डोकं टेकवून वाकणार. तेव्हा तिकडे दुपार असते. सगळे थांबणार आहेत."

आमच्यात साठीला थोरल्याने आधी वाकायचं, मग धाकट्यांनी. नोकरीचा करार संपेपर्यंत घरी जाणं शक्य नव्हतं, म्हणून थोरलीने इथूनच वाकायचं असं भावांशी ठरलं होतं.

मंगळवारी पहाटेच्या गाडीने डोंगर ओलांडून आठच्या आत इटलीतल्या तळ्याकाठी पोचायचं, असा माझा बेत होता. पण आदल्या रात्री वाटेत स्वित्झर्लंडमध्ये उतरलो त्या लॉजच्या चादरी ताईला पसंत पडल्या नाहीत.

"कोपरे बघ कसे लोंबतायत! पेशंट घसरून पडेल."

"इथे पेशंट कुठे आहे, ताई?"

तिने आमच्या खोलीतल्या चादरी खोचल्या, मग शेजारच्या, मग समोरच्या. गाडी गेली. मी इतकी चिडले की स्टेशनात तिच्याकडे पाठ करून बसले.

पुढच्या गाडीतच आठ वाजत आले. डब्यात खिडकीशी जर्दाळूंची टोपली घेऊन एक आजी बसली होती. ताईने शौचालयात जाऊन आईने शिवलेला रेशमी पोशाख घातला, खाली वर्तमानपत्र अंथरलं, खिडकीतल्या सूर्याकडे तोंड केलं आणि दोन्ही हात कपाळाशी नेले. आजीने घाईघाईने पाय आवरले. तेवढ्यात बोगदा आला. अर्ध्यावर थांबायची सोय नव्हती, ताई अंधारातच वाकली.

बोगद्यातून बाहेर आलो तर ताईचा माथा आजीच्या बुटांवर, आणि ऊन पाठीवर.

"योंगजा, सूर्य मागे कसा गेला?"

"डोंगर चढताना बोगद्यातच रूळ गोल वळतात गं. गाडीने तोंड फिरवलं."

"म्हणजे मी पश्चिमेला वाकले?"

"मग परत वाक, त्यात काय!"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मेलेल्या माणसाला दोनदा वाकतात! जिवंत आईला एकदाच!"

हे मी विसरले होते. ताई वर्तमानपत्रावर बसून ढसाढसा रडू लागली. वडील गेले तेव्हासुद्धा तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. "तिकडे पोरं वाकलीसुद्धा असतील, आणि माझा नमस्कार पोचलाच नाही." माझा सगळा राग पाणी झाला.

आजीने मला खुणेने विचारलं, काय झालं? मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं. ती जर्दाळू चोळत विचार करत राहिली.

"हिने डोकं कुणाच्या बुटांवर टेकवलं?"

"तुमच्या."

"मग तो नमस्कार माझा झाला. मी घेतला." तिने ताईच्या केसांवर हात ठेवला. "माझ्या साठीला तीन लेकांतला एकही आला नव्हता. हिला सांग, आईला अजून एकदाही वाकलेली नाहीस, पोरी."

आजीची डोंगरी बोली ताईला कळली नव्हती, मी ते कोरियनमध्ये सांगितलं. ताई डोळे पुसत माझ्याकडे बघतच राहिली.

"चालेल का गं तसं?"

"आजी मोठी आहे. मोठ्यांच्या शब्दापुढे तू कोण?"

पुढच्या स्टेशनात गाडी थांबली. गार्डला पूर्व विचारली, त्याने चर्चच्या मागे बोट दाखवलं. फलाटावर, सामानाच्या गाड्यांमध्ये जागा करून ताई वाकली. अगदी सावकाश. लोक थबकले. गार्डने शिट्टी ओठांत धरली, पण फुंकली नाही.

ताई उठून उभी राहिली तेव्हा आजी अर्धीअधिक खिडकीबाहेर वाकली होती. "पोचला गं," ती ओरडली, "पोचला!"

मग गार्डने शिट्टी वाजवली.