शेवटचं नाव

चाफले सर खेळाआधी पोरींची हजेरी तोंडपाठ घ्यायचे. एकेक पोरगी "हजर सर" म्हणायची. सगळ्यांत शेवटी ते "वैशाली" म्हणायचे. कोणी ओ द्यायचं नाही. सर थोडं थांबायचे, सिंदी गावाकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघायचे आणि मग शिट्टी वाजवायचे.

वैशाली माझी मुलगी. एका संध्याकाळी सर तिला म्हणाले होते, "वैशू, उद्या सगळ्यायच्या आधी येजो. तुले पळवून पाहतो." ती पहाटे सिंदीहून सायकलने निघाली आणि वाटेत ट्रकखाली गेली. त्यानंतर सरांनी कोणत्याच पोरीला लवकर ये म्हटलं नाही. "सांभाळून येजो. उशीर झाला तं झाला," एवढंच म्हणायचे.

नंतर मला कॉलेजात कामाला त्यांनीच लावलं. मैदान झाडायचं, पाणी भरायचं, चुन्याच्या फक्कीने रेघा आखायच्या. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. सगळे मला मावशी म्हणत. सर एकटेच वैशूची माय म्हणत.

कॉलेज लहान. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, धावणं, सगळ्याला सर एकच. इकडची शिट्टी वाजवून तिकडे धावायचे. एखादी रेंगाळली की म्हणत, "काऊन वं, वरातीत चालून राह्यली का? पाय उचल." पोरगी हसायची आणि पळायची. कोणी पडली की गुडघ्यावरची माती स्वतः झटकायचे. "मैदानानं तुले ओळखलं आता," म्हणायचे.

रेघा आखताना ते शेवटचं नाव कानावर पडायचं. आधी जीव जळायचा. घरी तिचे बाबा तिचं नाव काढू देत नसत. पुढे पुढे मी त्या नावासाठीच कामावर येऊ लागले. सर निवृत्त होणार हे कळलं तेव्हा एकच भीती वाटली. आता माझ्या लेकीला हाक कोण मारणार?

नवे सर आले. चांगले आहेत. मोबाइलमध्ये बघून हजेरी घेतात. त्यात ते नाव नव्हतं.

दोनेक वर्षांनी चाफले सर मैदानाच्या फाटकाशी उभे दिसले. पायात दोन वेगळ्या चपला. त्यांना विसर पडू लागला होता, पण मला ओळखलं.

"वैशूची माय, पोरगी काऊन नाई आली अजून?"

मला खरं सांगवेना. "येऊन राह्यली, सर."

"येऊ दे सांभाळून. मी थांबतो."

आम्ही दोघं रस्त्याकडे बघत उभे राहिलो. शेवटी त्यांच्या पत्नी आल्या आणि हात धरून घेऊन गेल्या. जाताना ते वळून वळून रस्त्याकडे बघत होते.

पोळ्यानंतर सर वारले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर पोरी रांगेत उभ्या होत्या. नव्या सरांची हजेरी संपली. मी फक्कीचं घमेलं खाली ठेवलं आणि म्हणाले, "वैशाली."

सगळ्या पोरींनी माझ्याकडे वळून पाहिलं. नव्या सरांनी तोंडाशी नेलेली शिट्टी खाली घेतली, आणि ते थोडं थांबले.