हमदर्दीचं उदाहरण

कोशकाकांना माणसांपेक्षा शब्दांची काळजी जास्त, हे त्यांची बायको चारचौघांत सांगायची. छापखान्यामागच्या खोलीत बसून ते इंग्रजी-उर्दू कोशासाठी शब्दांचे अर्थ लावत. त्यांचा एक हट्ट होता. जिवंत माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय कुठलाही अर्थ कोशात घ्यायचा नाही. शिव्यांचं पान करायचं होतं तेव्हा त्यांनी मुद्दाम छापखान्याच्या मालकाच्या पायावर शाईचा डबा पाडला. भरपूर माल मिळाला.

'कम्पॅशन'पाशी मात्र गाडं अडलं. उर्दूत 'रहम' होता, पण तो वरच्याने खालच्यावर करायचा आणि खालच्याने हात जोडून मागायचा. 'तरस', म्हणजे कीव, होता, पण तो खातात म्हणे. आणि आपल्याकडे तरस म्हणजे जंगलातलं जनावर, त्यामुळे काका त्याच्यावर आधीच खार खाऊन होते. उरली 'हमदर्दी'. हम म्हणजे सोबत, दर्द म्हणजे वेदना. इंग्रजी शब्दाचं मूळही तेच, सोबत सोसणं. काका खूश झाले. आता फक्त कानांनी ऐकलेलं उदाहरण हवं होतं.

नेमका तेव्हाच छापखान्यातल्या बाइंडरचा उजवा हात कागद कापायच्या यंत्रात सापडला. बाइंडर हा काकांचा एकुलता एक मित्र. बाकी कोणी त्यांना सहनच करत नसे. काका इस्पितळात गेले ते खिशात शब्द टिपायची कोरी कार्डं घेऊन. खाटेशेजारी स्टूल ओढून म्हणाले, "खरं सांग, मालक भेटायला आला तेव्हा तुला काय वाटलं? रहम करतोय, की हमदर्दी दाखवतोय? सावकाश बोल, मी लिहून घेतो."

बाइंडरने डाव्या हाताने पाण्याचा पेला भिरकावला. सवयीचा हात नव्हता म्हणून काका वाचले.

"चालता हो! पुन्हा तोंड दाखवलंस तर याद राख!"

घरी बायकोने त्यांची बिनपाण्याने केली. "अहो, त्याचा हात गेला आणि तुम्ही उदाहरणं गोळा करताय? छातीत काळीज आहे की पुठ्ठा?"

काका जेवले नाहीत. हा मित्र तुटला तर आपल्याशी भांडायलाही कोणी उरणार नाही, या विचाराने त्यांचं धाबं दणाणलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते रिकाम्या खिशाने गेले. वाटेत तीन भाषांत माफी घोकली होती. त्यांना पाहताच बाइंडरने भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि तिन्ही भाषा घशातच राहिल्या. तेवढ्यात नर्स पट्टी बदलायला आली. आदल्या दिवशी काकांनी त्या हाताकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. आता पाहिलं. अंगठा होता. बोटं नव्हती.

काकांनी भोकाड पसरलं. साठीचा, चष्मा लावणारा माणूस, पण आवाज असा की शेजारच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठून बसला. नर्स ओरडली, "आजोबा, बाहेर व्हा!"

बाइंडर वळला. "अरे, हात माझा गेलाय, तू कशाला बोंबलतोयस? बस खाली."

काका बसले, पण रडणं काही थांबेना. खांदे गदागदा हलत होते, नाक वाहत होतं. बाइंडरने नर्सच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"सिस्टर," तो म्हणाला, "आधी याच्याकडे बघा. याला जास्त लागलंय."