नाकातलं तेल

लेकराचे ओठ निळे पडले होते. रडणं नाई, खोकला नाई, नुसती घरघर. मी त्याले तसंच उघडं, तेलानं माखलेलं उचललं अन् पळाली. हातातून निसटून राह्यलं होतं म्हून पदरात गुंडाळलं. मागून सासू ओरडली, "वो, टोपडं तं घे त्याचं!"

आमच्या आंजी गावात मालिश झाली का लेकराच्या नाकात तेल सोडतात. नाक साफ होते म्हणतात. सासूनं तिचे लेकरं असेच वाढवले. त्या सकाळी तिनं तेल सोडलं अन् नेमका तवाच बाळानं रडता रडता श्वास आत ओढला.

ऑटोनं वर्ध्याले दवाखान्यात नेलं, सासूबी संगं आली. डॉक्टरबाई म्हणे, "काय झालं? दूध अडकलं का?"

सासूनं माहा दंड दाबला. "दूधच असन, बाई."

"नाई," मी म्हटलं, "तेल होय. नाकात घातलं."

सासूनं दंड सोडून देल्ला.

मंग बाईनं सांगतलं, तेल पाण्यात विरत नाई, म्हून कफासंगं लवकर निघत नाई. तेल, तूप, मेण, सारे एका घराण्यातले. आपल्या फुप्फुसातबी त्याच घराण्यातला एक पातळ थर असते, पण तो पाण्याशीबी जमवून घेते, अन् त्याच्यानंच श्वासाचे बारीक बारीक फुगे उघडे राह्यतात. बाहेरचं तेल तसं नाई. ते तिथंच बसून राह्यते. मी आठवीतून शाळा सोडली, पण पाण्यावरचा तेलाचा तवंग भांडे घासताना रोजच पाह्यते. तो माह्या लेकराच्या छातीत असन, हे कुठं ठाऊक होतं?

बाळ वाचलं. अजून खोकलते, मी पाठीले कान लावून आयकते. सासू म्हणते, "माह्या लेकरायले काऊन काई झालं नाई?"

काल कापूस वेचाले जाचं होतं. बाया रस्त्यावरून हाका मारून राह्यल्या होत्या. पाह्यते तं सासू ओसरीत पाय पसरून बसलेली, पायावर बाळ, बाजूले तेलाची वाटी.

"आत्याबाई, नाकात नोका घालू."

"मी काय त्याचं वाईट करन, पोरी?" तिचे डोळे भरून आले. पण नाई घालत, असं काई ती म्हणली नाई.

मी तिच्या पायावरून बाळ उचललं अन् वावरात घेऊन गेली. ती तशीच पाय पसरून बसून राह्यली, हात तेलाचे.

तुमी माह्या जागी असते, तं काय केलं असतं?